केसगळती, गहू आणि आकाशातील संशय : बुलढाणा जिल्ह्यातील व्याधीच्या (२०२४-२५) निमित्ताने एक ऐतिहासिक विवेचन

बीजसंज्ञा : केसगळती, सेलेनियम, खारपाणपट्टा, अफवा, हवाई फवारणी, शासकीय दफ्तर

प्रस्तावना

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना रोगाच्या कारणांचा शोध जितका महत्त्वाचा असतो, तितकाच त्या रोगाविषयी लोकांनी काय मानले याचा शोधही महत्त्वाचा असतो. शरीरावर दिसणारी, पण वैद्यकाला लगेच नाव देता न येणारी व्याधी समाजात उद्भवली की तिच्याभोवती संशयाचे एक वर्तुळ तयार होते. कोणीतरी काहीतरी मिसळले, सोडले किंवा शिंपडले अशा आशयाचे स्पष्टीकरण पुढे येते. ते स्पष्टीकरण कधी पाण्याकडे बोट दाखवते, कधी पिठाकडे, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आकाशाकडे. अशा संशयाची अंधश्रद्धा म्हणून बोळवण करण्याची सवय सुशिक्षित वर्गाला आहे. ही सवय इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे प्रस्तुत शोधनिबंधाचे म्हणणे आहे. अर्थात प्रत्येक संशय खरा असतो असाही याचा अर्थ नाही.

या विवेचनाचे निमित्त बुलढाणा जिल्ह्यातील आहे. मुंबई-नागपूर महामार्गावर मलकापूर व नांदुरा यांच्या दरम्यान वसलेले वडनेर भोलजी आणि त्याच जिल्ह्यातील शेगाव तालुक्याची पूर्णाकाठची गावे यांत फार अंतर नाही. कापूस, सोयाबीन आणि तूर ही या भागाची नित्याची पिके. या पट्ट्यात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस जे घडले, त्याची नोंद पुढील काळात वैद्यकाच्या इतिहासात होईल, तशीच ती समाजाच्या इतिहासातही व्हावयास हवी.

व्याधीचा घटनाक्रम

शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा, भोनगाव आदी गावांत डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काही व्यक्तींच्या डोक्याला खाज सुटू लागली. दोन-तीन दिवसांत केस मुठीने हाती येऊ लागले आणि आठवड्याभरात काहींचे डोके जवळजवळ पूर्ण केशविरहित झाले. यात वृद्ध होते, तरुण होते, स्त्रिया होत्या आणि लहान मुलेही होती. जानेवारी २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात हा प्रकार वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला. प्रसारमाध्यमांनी त्यास ‘टक्कल व्हायरस’ असे नाव दिले. विषाणूचा कोणताही पुरावा नसताना दिले गेलेले हे नाव दुर्दैवाने लोकांच्या तोंडी बसले. त्याचा परिणाम असा झाला की संसर्गाच्या भीतीने बाधित गावांतील माणसांना टाळले जाऊ लागले, तरुण मुलामुलींचे शिक्षण खोळंबले आणि जुळलेली लग्ने मोडल्याच्याही तक्रारी आल्या.

कारणाविषयी एकामागून एक तर्क मांडले गेले. प्रारंभी आरोग्य यंत्रणेने बुरशीजन्य संसर्गाची शक्यता वर्तवली. त्यानंतर पाण्याच्या तपासणीत नायट्रेट व विद्राव्य क्षारांचे प्रमाण अधिक आढळल्याने पाण्यावर संशय गेला. या दुसऱ्या तर्कास स्थानिक इतिहासाचे पाठबळ होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील शेकडो गावांत पसरलेला असून येथील भूजल पिढ्यान्‌पिढ्या खारट आहे. मूत्रपिंडाच्या विकारांचा या पाण्याशी असलेला संबंध या भागात घरोघरी बोलला जातो. त्यामुळे ‘पाण्यानेच झाले’ हे म्हणणे लोकांना पटण्यासारखे होते. परंतु पाणी शतकानुशतके खारटच होते आणि केस मात्र एका आठवड्यात गळाले. या विसंगतीचे उत्तर पाण्याच्या तर्काजवळ नव्हते. शाम्पू, साबण, शेतातील रसायने, माती अशा इतर शक्यताही चर्चेत येऊन गेल्या.

जानेवारीच्या मध्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक गावांत दाखल झाले. रक्त, लघवी, केस, पाणी, माती व धान्य यांचे नमुने नेण्यात आले. त्यानंतर अनेक आठवडे उलटले तरी त्या तपासणीचे निष्कर्ष गावकऱ्यांच्या हाती आले नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाड येथील ज्येष्ठ वैद्यक संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतःच्या पुढाकाराने केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या डॉ. बावस्करांनी अठरा गावांतील २७९ बाधितांचा उल्लेख केला. बाधितांच्या रक्तातील सेलेनियमचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ३५ पट, लघवीतील ६० पट आणि केसांतील १५० पट वाढल्याचे त्यांनी सांगितले, तर जस्ताचे प्रमाण घटलेले होते. रास्त भाव दुकानांतून मिळालेल्या, पंजाब-हरियाणाकडून आलेल्या गव्हाकडे त्यांनी निर्देश केला.

पिठाविषयीचा जुना संशय

‘सरकारी गव्हाने केस गेले’ हे वाक्य इतिहासाच्या अभ्यासकास थबकायला लावणारे आहे, कारण असेच एक वाक्य भारताने १८५७ मध्ये ऐकले होते. त्या वर्षाच्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात पिठात हाडांची भुकटी मिसळली जाते ही वार्ता पसरली. कानपूरच्या बाजारात स्वस्त पीठ आले असता शिपायांनी व नगरवासियांनी ते नाकारल्याच्या नोंदी आहेत. धर्म बुडविण्याचा कट असा तिचा अर्थ लावला गेला. भुकटीचा पुरावा कधीच मिळाला नाही. तरीही ज्या राज्यकर्त्यांवर प्रजेचा विश्वास उरला नव्हता, त्यांच्या हातचे अन्न शरीरात कसे घ्यावे हा त्या अफवेमागील प्रश्न खराच होता.

मुंबई इलाख्यातील प्लेगच्या काळात (१८९६ पासून) याच प्रश्नाने वेगळे रूप घेतले. रुग्णालयात नेलेल्या माणसांच्या शरीरातून ‘मोमियाई’ काढली जाते, अशी समजूत मुंबईच्या कामगारवस्तीत होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. मोमियाई खोटी होती, परंतु घरात घुसून होणारी झडती, स्त्रियांची तपासणी आणि सक्तीचे विलगीकरण खोटे नव्हते. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत याची परिणती कशात झाली हे सांगावयास नको.

या दोन्ही उदाहरणांत संशयाचा तपशील चुकीचा आणि संशयाचे कारण बरोबर, असे दिसते. शेगावचे उदाहरण त्यांच्याहून वेगळे आहे. येथे धान्याविषयीचा संशय प्रयोगशाळेत गेला आणि आकड्यांसह परत आला. १८५७ चे पीठ तपासण्याची सोय कोणाकडे नव्हती. २०२५ चा गहू मात्र तपासता येत होता.

आकाशातील रेघ आणि त्वचेतील तंतू

शेगावच्या व्याधीबाबत आकाशाकडे बोट दाखवले गेले नाही, ही बाब नमूद करण्याजोगी आहे. याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकास त्वचेच्या एका वादग्रस्त व्याधीचे खापर विमानांवर फोडले जात होते. अमेरिकेतील एका मातेने आपल्या लहान मुलाच्या त्वचेवरील फोडांत रंगीत तंतू दिसल्याचे सांगितले आणि २००२ मध्ये या लक्षणांना ‘मॉर्गेलॉन्स’ हे नाव दिले. हे नाव सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य सर थॉमस ब्राऊन यांच्या एका पत्रातून घेतले होते. फ्रान्सच्या लांगदॉक प्रांतातील मुलांच्या पाठीवर उगवणाऱ्या राठ केसांचा उल्लेख त्यात आहे. दोन्ही व्याधी एकच असल्याचा पुरावा नाही, पण जुन्या नावामुळे नव्या व्याधीस वंशावळ लाभली. इंटरनेटच्या प्रसारामुळे थोड्याच वर्षांत हजारो लोक आपल्यालाही हीच बाधा असल्याचे सांगू लागले.

याला समांतर अशी दुसरी समजूत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजली होती. जेट विमानांमागे उमटणारी पांढरी रेघ ही वाफ नसून गुप्तपणे सोडलेले रसायन आहे, असे तिचे स्वरूप होते. अमेरिकी हवाई दलाशी संबंधित अधिकाऱ्यांनी १९९६ मध्ये हवामानाच्या लष्करी वापराविषयी लिहिलेला भविष्यवेधी निबंध तिला खतपाणी देणारा ठरला. वस्तुतः उंचावरील अतिथंड हवेत इंजिनातील वाफ गोठून बर्फकणांची रेघ तयार होते. हवा कोरडी असल्यास ती लगेच विरते, दमट असल्यास पसरून रेंगाळते. अमेरिकेच्या चार शासकीय संस्थांनी २००० साली संयुक्त पत्रकाद्वारे हेच सांगितले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ७७ पैकी ७६ तज्ज्ञांनी गुप्त फवारणीचा पुरावा आढळला नसल्याचे नोंदवले. कालांतराने या दोन समजुती एकमेकींत मिसळल्या आणि त्वचेतील तंतू आकाशातूनच पडतात असे मानणारा वर्ग तयार झाला.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने उत्तर कॅलिफोर्नियातील ११५ रुग्णांचा अभ्यास करून जानेवारी २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणताही संसर्ग आढळला नाही, पर्यावरणातील समान कारण सापडले नाही, तंतू बहुतांशी कापसाचे म्हणजे कपड्यांचे निघाले. अहवाल कोणालाही वाचता येईल अशा नियतकालिकात छापला गेला. तरीही रुग्णांचे समाधान झाले नाही. येथे एक अडचण मान्य करावी लागते. दफ्तर उघडे केले की संशय मावळतो, हे गृहीतक या प्रकरणात अपुरे ठरते. या रुग्णांची खाज, जखमा, निद्रानाश खरे होते; त्यांना हवा होता तो त्रासाचा स्वीकार, आणि मिळाले ते ‘कारण नाही’ एवढेच उत्तर.

संशयाला आधार देणारी दफ्तरे

आकाशातून काहीतरी सोडले जाते हा संशय निव्वळ कल्पनेतून जन्मला असता, तर तो इतका चिवट ठरला नसता. सप्टेंबर १९५० मध्ये अमेरिकी नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरून ‘सेराशिया मार्सेसेन्स’ या जिवाणूचा फवारा शहरावर सोडला. जिवाणू निरुपद्रवी आहे असे समजून चाललेला तो जैविक हल्ल्याचा सराव होता. त्यानंतरच्या आठवड्यांत तेथील एका रुग्णालयात याच जिवाणूच्या संसर्गाचे अकरा रुग्ण आढळले, त्यांतील एक दगावला. दोन्ही घटनांचा संबंध निर्विवादपणे सिद्ध झाला नाही. परंतु प्रयोगाची माहिती नागरिकांना मिळाली ती सुमारे पाव शतकानंतर, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात. शीतयुद्धाच्या काळात अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांत लोकवस्तीवर झिंक कॅडमियम सल्फाइडची भुकटी सोडण्याचे प्रयोगही झाले. १९९७ मधील एका तज्ज्ञ समितीने अमेरिकेतील प्रयोगांतील मात्रा आरोग्यास घातक नव्हती असे म्हटले. मात्रा घातक नसेलही. पण ज्यांच्यावर ती पडली त्यांना विचारले गेले नव्हते.

भारतातही असा अध्याय आहे आणि तो महाविद्यालयीन इतिहासाच्या अभ्यासक्रमात क्वचितच येतो. जागतिक आरोग्य संघटना व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने आणि अमेरिकी निधीच्या आधारे दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प १९६९ च्या करारान्वये सुरू झाला. प्रयोगशाळेत वाढवलेले डास मोकळ्यावर सोडणे हा त्याचा भाग होता. पीतज्वर पसरवणाऱ्या डासाच्या जातीवर भर का, असा प्रश्न १९७४ मध्ये वृत्तसंस्थेच्या वार्तांकनातून पुढे आला आणि जैविक युद्धाच्या पूर्वतयारीचा आरोप झाला. ज्योतिर्मय बसू यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने १९७५ मधील आपल्या १६७ व्या अहवालात या प्रकल्पाबरोबरच मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षी-स्थलांतर अभ्यास आणि जोधपूर येथील शहरी हिवताप नियंत्रणासाठीचे अतिसूक्ष्म फवारणीचे प्रयोग यांचीही छाननी केली. सोनीपत येथे डास सोडण्याचा बेत रद्द झाला, प्रकल्प बंद पडला. शास्त्रज्ञांनी हे आरोप अन्यायकारक मानले, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही असावे. पण संसदेने प्रश्न विचारला, उत्तरे लेखी घेतली आणि ती छापली, म्हणून आज दोन्ही बाजू वाचता येतात.

प्रत्यक्ष हवाई फवारणीने भारतात काय केले याचे उदाहरण केरळच्या कासरगोड जिल्ह्यात सापडते. तेथील सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. कऱ्हाडी मराठी बोलणारी कुटुंबेही या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जन्मजात व्यंग, मज्जासंस्थेचे विकार आणि त्वचेच्या तक्रारी घेऊन लोक उभे राहिले, तेव्हा त्यांनाही प्रथम अफवा पसरवणारे ठरवण्यात आले. एका शासकीय अभ्यासाने संबंध दाखवला, तर दुसऱ्या समितीने २००३ मध्ये तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये या कीटकनाशकावर बंदी घातली आणि जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ही फवारणी गुप्त नव्हती. ती दिवसाढवळ्या, शासनाच्या परवानगीने झाली.

महाराष्ट्रातील आकाशविषयक संशयाचा विषय मात्र रोग नसून पाऊस आहे. २००३ च्या दुष्काळात शासनाने कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. २०१५ व २०१९ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथून विमाने ढगांत क्षार पेरण्यासाठी उडाली. हे सर्व जाहीरपणे झाले. सोलापूर परिसरातील शास्त्रीय प्रयोगात पावसात सुमारे १८ टक्के वाढ झाल्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही अवर्षणप्रवण तालुक्यांतून ‘पाऊस पळवणाऱ्या विमाना’ची चर्चा अधूनमधून ऐकू येते. सातारा, सांगली, धुळे भागात याआधी पवनचक्क्यांमुळे ढग पळतात असे मानले गेले होते. ढगाळलेले आभाळ न बरसता निघून जाते, हा अनुभव दरवर्षीचा असल्यामुळे त्याला कारण देणारी कथाही दरवर्षी नव्याने सांगितली जाते. विदर्भाच्या वाट्यास आलेले फवारणीचे सर्वात भीषण प्रकरण, म्हणजे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेणारी विषबाधा, आकाशातून आलेलेच नव्हते. पुरुषभर वाढलेल्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात आणि कातडीवर ते विष गेले.

धुतलेला आणि न धुतलेला गहू

शेगावच्या व्याधीकडे परतताना सेलेनियमचा स्वभाव पाहणे आवश्यक ठरते. हे मूलद्रव्य अत्यल्प मात्रेत शरीरास हवे असते, अधिक झाल्यास विष ठरते. रासायनिकदृष्ट्या ते गंधकाचे भावंड आहे. केस व नखे ज्या केराटिनने बनतात त्यात गंधकाचे दुवे असतात. त्यांच्या जागी सेलेनियम शिरल्यास केसाचा पाया दुबळा होतो. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी येथे १९६१ ते १९६४ दरम्यान केस व नखे गळण्याची साथ आली होती. सर्वाधिक बाधित पाच खेड्यांतील सुमारे निम्मे लोक आजारी पडले. दुष्काळात भाताचे पीक बुडाल्याने लोकांनी स्थानिक मका व भाज्यांवर गुजराण केली आणि दगडी कोळशातून मातीत उतरलेले सेलेनियम त्यांच्या अन्नात आले. या साथीचा शास्त्रीय वृत्तान्त १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, पंजाबच्या होशियारपूर व नवांशहर भागात सेलेनियमयुक्त जमिनीचे पट्टे आहेत. तेथील गुरांचे खूर व केस झडतात हे पशुवैद्यकास अनेक दशकांपासून माहीत आहे.

डॉ. बावस्करांच्या अभ्यासातील एक तपशील येथे विशेष बोलका आहे. न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले, तर धुतलेल्या गव्हात १३.६१. बाहेरून काही शिंपडले गेले असते किंवा धूळ बसली असती, तर पाण्याने ते बऱ्याच अंशी निघून जाणे अपेक्षित होते. दोन आकड्यांतील किरकोळ फरक असे सुचवतो की विष दाण्यावर नव्हे, दाण्यात होते. म्हणजे ते मुळांवाटे जमिनीतून आले असावे. फवारणीच्या तर्काला इतके साधे उत्तर क्वचितच मिळते.

तथापि हा निर्णय अंतिम मानण्याची घाई करू नये. रास्त भाव दुकानांचा गहू याहून कितीतरी विस्तृत क्षेत्रात वाटला जातो. मग बाधा याच गावांत का झाली? एकाच घरात, एकाच चुलीवरची पोळी खाणाऱ्यांपैकी काहींचे केस गेले, काहींचे राहिले, ते का? जस्ताची कमतरता, खारे पाणी आणि सेलेनियम यांचा एकत्रित परिणाम संभवतो काय? हे प्रश्न संशय पसरवण्यासाठी नव्हेत. ज्यांनी ‘टक्कल व्हायरस’ नाव दिले त्यांनी ते विचारले नाहीत, आणि ज्यांनी केवळ गव्हावर शिक्का मारला त्यांनीही पुरेसे विचारले नाहीत.

दुकानातील नोंदवही

पुढील काही आठवड्यांत बहुतेकांचे केस पुन्हा उगवू लागले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच पट्ट्यातील काही जणांची नखे ठिसूळ होऊन गळू लागली, तेव्हा चर्चा पुन्हा उफाळली. एन्शीतही केसांबरोबर नखे गेली होती, हे पाहता सेलेनियमच्या तर्कास या घटनेने बळ मिळते.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे यातून एक व्यावहारिक काम उभे राहते. कोणत्या गोदामातून, कोणत्या तारखेस, कोणत्या खेपेचा गहू कोणत्या गावच्या दुकानात आला, हे धान्य वितरणाच्या नोंदींत असते. कोणत्या दिवशी कोणत्या लक्षणाचे किती रुग्ण आले, हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीत असते. पाण्याचे तपासणी अहवाल ग्रामपंचायतीच्या कपाटात असतात. या तीन नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्यास तारखा जुळतात की नाहीत हे पाहता येईल. शासकीय कागदपत्रे विहित मुदतीनंतर नष्ट केली जातात, आणि नोंदवह्यांची मुदत काही फार दीर्घ नसते. नांदुरा, मलकापूर, शेगाव, खामगाव येथील महाविद्यालयांतील इतिहास व रसायनशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांना ही गावे एसटीने तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. केस गेलेल्या आणि परत आलेल्या माणसांच्या आठवणी अद्याप ताज्या आहेत. त्यांनी तेव्हा कोणत्या पोत्यातील पीठ दळले होते, हे त्यांतील पुष्कळांना अजून सांगता येईल.